धोंडूची हजेरी

वडूज,
१० नोव्हेंबर १९७६

ती. नाथाकाकांना शालूचा नमस्कार.

मुंबईहून काल परत आले. धोंडूचा पासपोर्ट मिळाला नाही. माझ्या पासपोर्टावर विलायतेला जायचा शिक्का मिळाला, तो एप्रिलअखेरपर्यंत चालेल. मुलीचे मात्र अडले, आणि ते आपल्याच वाडीवर अडले आहे, म्हणून हे पत्र.

धोंडूच्या बाबांना तिकडचे नागरिकत्व मिळाले, त्यानंतर ती जन्मली. म्हणून ती जन्मापासूनच तिकडची, फक्त पासपोर्ट काढायचा, असे त्यांनी लिहिले होते. ब्रिटिश कचेरीतल्या साहेबानेही तसेच सांगितले. पण मूल त्याच बापाचे आहे हे कागदावर दिसले पाहिजे. जन्माचा दाखला ह्यांच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी वाडीच्या ग्रामपंचायतीतून परस्पर मुंबईला नेला होता. मी तो तिथे टेबलावर पहिल्यांदा पाहिला. मुलीचे नाव धोंडुबाई. जन्म ३ ऑगस्ट १९७३. बाप केरबा खोत. आई दगडाबाई केरबा खोत.

काका, मी बोट ठेवून पुन्हा वाचले. साहेबाजवळ एक मराठी दुभाषी बसले होते. त्यांनी विचारले, "ही दगडाबाई कोण?"

"माहेरची शेजारीण."

"मग दाखल्यावर आई म्हणून ती कशी?"

"तिने हिला उचलली होती."

"कुठून उचलली?"

"उकिरड्यावरून."

त्यांनी चष्मा काढला. "बाई, हे मी साहेबाला कसं सांगू?"

मी म्हटले, जसे आहे तसे सांगा. माझे दोन मुलगे गेले. एक नवव्या दिवशी, एक तीन महिन्यांचा होऊन. तिसऱ्या खेपेला काकूने पोर सुपात घालून उकिरड्यावर ठेवली. दगडाबाईने "कुणाची गं ही टाकलेली?" म्हणत उचलली. पाच वर्षे पुरी होईपर्यंत ही तिची म्हणायची असे ठरले, म्हणजे ज्याने दोन नेले त्याला ही आमची आहे हे कळू नये. नावही त्यासाठीच धोंडू ठेवले. दुभाष्यांनी हे सगळे चार शब्दांत उरकले. मला इंग्रजी येत नाही, पण एवढ्या गोष्टीला चार शब्द पुरत नाहीत हे कळते. मी विचारले, "उकिरडा सांगितलात का?" ते म्हणाले, "त्याची गरज नाही." मी म्हटले, "मग मी इथून उठत नाही." तेव्हा कुठे त्यांनी सांगितले. साहेब हसला नाही. सगळे लिहून घेतले आणि म्हणाला, कागदावर ही दुसऱ्याची मुलगी आहे, नोंद दुरुस्त करून आणा.

उकिरड्याचे मला माहीत होते, पण ती घरातली गोष्ट. सरकारी रजिस्टरात ती कोणी नेली? मी तर बाळंतिणीच्या खोलीत होते. तेवढा शोध तुम्ही घ्या. आईबाबांच्या मागे तुम्ही आणि काकूने मला वाढवले. शाळा लांब, म्हणून तुम्हीच ओसरीवर शिकवलेत. एकटीच विद्यार्थिनी, तरी पलटणीसारखी रोज हजेरी घ्यायचात, आणि ताठ उभी राहून "हजर" म्हटल्याशिवाय पाटी हातात देत नव्हता. लिहायचे ते खरे, नाहीतर पाटी कोरी बरी, असे म्हणायचात. हे मी दुसऱ्या कोणाला विचारणार?

तुमची,
शालू

*

वाडीवरून, पलूस,
१९ नोव्हेंबर १९७६

चि. शालूस आशीर्वाद.

पत्र पोचले. नोंदीचे विचारतेस. त्या काळी जन्माची खबर देण्याचे काम कोतवाल आकाराम करीत असे. तो गेल्या साली वारला. बायकांची बडबड ऐकून त्याने तसे सांगितले असेल. आता मेलेल्याला काय विचारणार?

तेवीस वर्षे मी पलटणीच्या दफ्तरात काढली. त्या अनुभवाने सांगतो, सरकारी रजिस्टर उकरू नये. समोरून वाट नसेल तर बगलेने जावे. दगडाबाई आणि केरबा मुलगी तुम्हाला दत्तक देतील, अंगठे करतील, कागद होईल. तेही नको असेल तर थांबावे. पाच वर्षे पुरी होऊ देत. जोतीरामला तसे समजावून लिही.

इकडे ऊसतोड चालू आहे. काकूचा गुडघा धरला आहे. थंडी पडू लागली, धोंडूला टोपडे घालत जा.

नाथाजी निकम

*

वडूज,
२ डिसेंबर १९७६

ती. काकांना नमस्कार.

तुमचे पत्र तीनदा वाचले. अक्षर तुमचे आहे, बोलणे तुमचे वाटत नाही.

माझ्या पोटची मुलगी मी दत्तक घेऊ? आणि घेऊनही उपयोग नाही. साहेबाने सांगितले आहे की इथल्या दत्तकाने तिकडचे नागरिकत्व मिळत नाही, मूल रक्ताचेच लागते.

धोंडूच्या बाबांचेही पत्र आले. मुंबईत कोणी एजंट नवा दाखला काढून देतो म्हणे, वडूजमध्ये जन्म झाला असा. त्यावर नाव शैला घालायचे, कारण धोंडू म्हटले तर तिकडच्या शाळेत पोरे हसतील. आणि हे जमत नसेल तर पोरीला आजीजवळ ठेवून मी एकटीने यावे, वर्षभराने बघू. मी त्याच दिवशी उत्तर टाकले. एक खोटे निस्तरताना जीव मेटाकुटीला आलाय, त्यावर दुसरे नको. नावाला हसून कोणाचे दात पडत नाहीत, हसू देत. आणि मुलीला सोडून मी वडूजच्या स्टँडपर्यंतसुद्धा जात नाही, विलायत तर लांबच.

सासूबाईंची वेगळीच धास्ती. परवा भाकरी थापता थापता म्हणाल्या, "कागदाला कशाला हात लावतीस गं? दोन नातू मातीत घातलं. हिला तरी ऱ्हाऊ दे. पाच वर्सं व्हईस्तोवर ती दगडीची हाय. तू माझी माझी म्हनून वरडू नगंस, त्यो ऐकतोय."

"कोण ऐकतोय?"

"ज्यानं दोन नेलं त्यो."

"मग त्याला जरा मोठ्यानंच सांगते," मी म्हटले, आणि ओट्यावर जाऊन मोठ्याने म्हटले, "धोंडू माझी आहे!" समोरच्या घरातली दोन माणसे बाहेर आली. सासूबाईंनी कानांवर हात घेतले. आत येऊन चुलीपुढे बसले आणि गुपचूप तिची दृष्ट काढली, काका. हे तुम्हाला म्हणून लिहिते.

ते रजिस्टर मला माझ्या डोळ्यांनी बघायचे आहे. पंधरवड्यात येते.

तुमची,
शालू

*

(कार्ड)

पलूस,
८ डिसेंबर १९७६

चि. शालूस आशीर्वाद.

तूर्त येऊ नये. ग्रामसेवक रजेवर आहे. रजिस्टर तपासणीसाठी तालुक्याला गेल्याचे ऐकतो. रस्त्यावर उसाच्या गाड्या, एसटीचा भरवसा नाही. लहान मुलीला घेऊन हाल होतील. संक्रांतीनंतर मीच कळवीन.

नाथाजी निकम

*

वडूज,
२७ डिसेंबर १९७६

ती. काका,

शुक्रवारी मी वाडीवर येऊन गेले. तुमच्या घरी आले नाही.

ग्रामसेवक रजेवर नव्हते. रजिस्टर त्यांच्या मागच्या कपाटात होते.

पान उघडले आणि सही बघायच्या आधी मी अक्षर ओळखले. तुमच्याशिवाय कोण प्रत्येक शब्दावर पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेघ देतो? खबर देणाऱ्याची सही: ना. भि. निकम, हवालदार कारकून, निवृत्त. आकाराम कोतवालाला तर सहीच येत नव्हती, तो अंगठा लावायचा. हे मला तुमचे पत्र वाचताना आठवायला हवे होते. ग्रामसेवक म्हणाले, "माझ्या आधीच्या माणसाची गोष्ट आहे. हवालदारांनी स्वतः लिहून दिलं, त्यांच्या लिहिण्यावर कोण शंका घेणार?"

खरेच, कोण घेणार? मीही घेतली नाही. ज्या हाताने माझा हात धरून माझे नाव गिरवून घेतले, त्याच हाताने माझ्या मुलीच्या नावापुढून मला काढून टाकले. आणि ते अशा माणसावर घातले जो उत्तर द्यायला उरला नाही.

दगडाबाई पाणवठ्यावर भेटली. धोंडूला उचलून मुके घेतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी तवाच म्हनलं व्हतं, आवं हवालदार, उचलन्यापुरतं ठीक हाय, वहीत कशाला घालताय? तर माझ्यावर लय डाफरलं. म्हनलं, तुला कळत न्हाई, गप ऱ्हा."

ग्रामसेवकांनी सांगितले, मूळ नोंद कधी खोडत नाहीत. ती तशीच राहते. पण प्रत्यक्ष माहीत असलेल्या दोघांनी तासगावला मामलेदार कचेरीत प्रतिज्ञेवर खरे सांगितले, तर शेजारी समासात दुरुस्ती लिहितात. एक दगडाबाई, ती तयार आहे. दुसरा ज्याने खबर दिली तो.

मी तुमच्याकडे सही मागत नाही. आधी कारण मागते.

शालू

*

पलूस,
८ जानेवारी १९७७

चि. शालू,

आठ दिवस कागद पुढे घेऊन बसतो आहे.

आकारामचे नाव घेतले ते वाईट केले. काल त्याच्या बायकोला जाऊन सांगून आलो. ती म्हणाली, "मरूंदे हवालदार, मेल्यापासनं त्येंच्यावर सगळंच घालत्यात." चहा करून दिला. तो मला गोड लागला नाही.

कारण विचारतेस. तुझे दोन्ही मुलगे मी ओढ्याकाठी नेले. खड्डा दोन्ही वेळा मीच काढला, दुसऱ्या कोणाला काढू दिला नाही. पहिला काहीच नव्हता, ओंजळभर. दुसरा हाताला जड लागत होता. हे तुला कोणी सांगितले नसेल.

धोंडू झाली आणि काकूने सूप उचलले, तेव्हा मी ओसरीवर बसून मनात हसलो. ज्याने दोन नेले तो सुपाला फसेल? मग विचार आला. पलटणीत मी रोल लिहीत होतो, म्हणजे नावांचा हजेरीपट. ज्याचे नाव रोलवर, त्याला बोलावणे येते. बदलीचे येते, लढाईचे येते. रोलवर नाव नाही तो माणूस बराकीच्या दारात उभा असला तरी त्याला कोणी हाक मारत नाही. वाटले, वर बसलेलाही कोणी कारकूनच असणार. तो उकिरडा बघायला येणार नाही. तो रजिस्टर बघेल. म्हणून तुझ्या नावावर मी तिला चढवलीच नाही.

जन्मभर खरे लिहिले. एकदाच खोटे लिहिले, आणि पोर जगली. आता तूच सांग, मी त्याच्याशेजारी खरे कसे लिहू? ठपक्याला भीत नाही. खोटी खबर दिली, जी शिक्षा असेल ती घेईन. पण साडेतीन वर्षे निघाली आहेत, दीडच राहिले आहे.

तू म्हणशील तर तासगावला जाईन. पण तू म्हणायला हवे. माझा हात आपण होऊन उठत नाही.

नाथाकाका

*

वडूज,
२० जानेवारी १९७७

ती. काकांना नमस्कार.

धोंडूला गोवर आला आहे. आज चौथा दिवस, अंग तव्यासारखे तापते. सासूबाई मीठ-मोहऱ्या ओवाळतात आणि मला दिवसातून दहा वेळा एकच शब्द ऐकवतात, "बघ." आमच्या गल्लीत अकरा पोरांना गोवर आहे. शेवटी मी विचारले, "त्या अकराजणांच्या आयांनी कुठलं रजिस्टर उघडलं होतं?" तर म्हणाल्या, "जीभ लय चालाय लागलीया तुजी." पण तेव्हापासून त्या धोंडूच्या उशाजवळ बसल्या आहेत, उठायला तयार नाहीत.

तुमचे पत्र मी तिच्या शेजारी बसून वाचले. ओढ्याचे वाचले. मला कोणी सांगितले नव्हते, मी विचारलेही नव्हते. तुम्ही लिहिलेत ते बरे केलेत. राग गेला असे लिहिले तर ते खोटे होईल. पण तो आता तुमच्यावर नाही.

काका, एकच विचारते. नवव्या दिवशी गेला त्याचे बारसेसुद्धा झाले नव्हते. त्याला नावच नव्हते, तो कुठल्या रजिस्टरात नव्हता. तरी त्याला बोलावणे आलेच ना? मग नाव लिहिल्याने येते आणि लपवल्याने टळते हे कुठले? तुमच्या रोलचा नियम वर चालत नाही. तिथे नियमच नाही, आणि जिथे नियम नाही तिथे मी का म्हणून भिऊन वागू?

मला तिला लपवून जगवायची नाही. जगेल तर माझी म्हणून जगेल. आणि काही झालेच तर माझी म्हणूनच जाईल, दगडाबाईची म्हणून नाही. ही गेली तर माझी मुलगी गेली असे कागदही म्हणेल. मुलगे गेले तेव्हा मला तेवढेही मिळाले नाही.

तर मी म्हणते. सोमवारी, ३१ तारखेला, तासगावला. गोवराच्या पोरीला सोडून मला येता येणार नाही. दगडाबाईला घेऊन तुम्ही जा.

रोलवर नाव घाला, काका.

तुमची,
शालू

*

पलूस,
२ फेब्रुवारी १९७७

चि. शालूस आशीर्वाद.

हुकुमाप्रमाणे सोमवारी तासगावला गेलो. फेटा बांधला होता, पदके लावली नव्हती. दगडाबाई नवे लुगडे नेसून आली. सगळ्या एसटीला सांगत होती की पोरीला विलायतेला धाडायला चाललो.

मामलेदार कचेरीतला कारकून तरुण आहे. त्याने विचारले, "हवालदार, खोटी खबर का दिलीत?" मी उभा राहिलो. म्हणालो, "भ्यालो म्हणून." तो म्हणाला, असे लिहिता येत नाही, मी 'गैरसमजुतीने' लिहितो. मी म्हणालो, गैरसमज नव्हता, पुरते समजून केले होते. यावर आमचा बराच वेळ वाद झाला. शेवटी दगडाबाई मध्ये पडली. "आवं हवालदार, त्यो भला मानूस वाचवाय बघतोय तर वाचा की!" मग त्याच्याकडे वळली, "आनि तू रं बाबा, मघापासनं एवढं इचारतुयास, पोरगी जगली का न्हाई ते इचारलंस का?"

तो गोंधळला. "जगली का?"

"जगली! आनि विलायतेला चाललीया!"

सगळी कचेरी हसली. 'भीतीपोटी' असा शब्द ठरला. ते खरे आहे, म्हणून सही केली. ठपक्याचे पत्र येईल म्हणतात. येऊ दे, फ्रेम करून लावीन.

मग त्याने दगडाबाईला विचारले, मुलीवर तुमचा काही हक्क उरतो का? तिने नव्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "उचलली ती परत द्यायलाच. पर वाडीवर आली की ती मला दगडाई म्हनती, तेवढं सरकारनं काडू ने." त्याने लिहिले नाही, पण मान हलवली.

मंगळवारी ग्रामसेवकाने माझ्यासमोर समासात दुरुस्ती लिहिली. मूळ ओळ माझ्या अक्षरात तशीच आहे. शेजारी आता आई म्हणून तू आणि बाप म्हणून जोतीराम. नवा दाखला सोबत आहे. सहीच्या आधी वाचावे, हे तुला शिकवलेलेच आहे.

गोवर उतरला का ते उलटटपाली कळव. पोस्टमन यायच्या वेळेला मी बांधावर जाऊन उभा राहतो. काकू हसते. हसू दे.

नाथाकाका

*

(कार्ड)

वडूज,
६ फेब्रुवारी १९७७

ती. काका, गोवर उतरला. आज सकाळी धोंडूने कालवण-भाकरी मागितली आणि तिखट लागले म्हणून माझ्या अंगावर ओरडली. दाखला मिळाला. सासूबाईंनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाल्या, "पयली वळ तशीच हाय न्हवं? मग त्यो तेवढीच वाचंल. कडंचं बारीक कोन वाचतंय!" मी वाद घातला नाही. मला वाटते, त्याने कडेचेही वाचावे. मुंबईला ९ मार्चला बोलावले आहे, त्याआधी सगळे कागद पाठवायचे आहेत. शालू

*

मुंबई,
९ मार्च १९७७

ती. नाथाकाकांना शालूचा नमस्कार.

संध्याकाळच्या गाडीला अवकाश आहे, म्हणून स्टेशनावरच्या बाकावर बसून लिहिते.

मागच्या महिन्यात कागद पाठवले होते: नवा दाखला, तुम्हा दोघांच्या प्रतिज्ञा, आणि धोंडू झाली त्या ऑगस्टात तिच्या बाबांनी लिहिलेली पत्रे. धोंडूच्या बाबांचेही आठवड्यापूर्वी पत्र आले. तुझेच खरे, असे एका ओळीत, आणि बाकी पानभर तिथली थंडी.

कचेरीत मोठ्या खोलीत बाके मांडलेली होती, पन्नासेक माणसे बसलेली. आतून एक एक नाव पुकारत होते. मी धोंडूला मांडीवर घट्ट धरले होते. तेवढ्यात साहेब स्वतः दारात आला. मागे तेच दुभाषी. साहेबाने हातातल्या कागदावरून पुकारले, "धोंडुबाई जोतीराम फडतरे."

काका, तिचे पुरे नाव तोवर कोणी मोठ्याने घेतले नव्हते. घरात आम्ही हलक्या आवाजात हाक मारायचो, आणि बाहेर ती खोतांची धोंडू. आज परक्या माणसाने, रोलवरून वाचून, साऱ्यांसमोर घेतले. मी तुम्हाला एवढे शहाणपणाचे लिहिले, पण त्या क्षणी मी तिला पदराआड ओढले. साहेबाने पुन्हा पुकारले.

धोंडू माझ्या हातांतून सुटली. गोवरात पडून होती तेव्हा वेळ जावा म्हणून मी तिला तुमची ओसरीवरची शाळा खेळून दाखवली होती. ती खोलीच्या मधोमध ताठ उभी राहिली, हात अंगाशी लावले आणि सगळा जोर काढून ओरडली, "हजर!"

पन्नास माणसे वळून बघू लागली. दुभाषी हसले, मग साहेबाच्या कानाशी लागून सांगू लागले. या वेळी चार शब्दांत उरकले नाही. बराच वेळ सांगत होते. साहेबाने खाली वाकून पासपोर्ट तिच्याच हातात दिला.

मी सहीच्या आधी वाचून घेतला, दुभाष्यांना एकेक शब्द विचारून. नाव धोंडुबाई. शैला नाही.

मग आम्ही दोघी जिना उतरलो. मी तिचा हात धरला नव्हता. ती एकेक पायरी मोजत उतरली, चुकली, परत वर जाऊन पहिल्यापासून उतरली.

शनिवारी वाडीवर येते. पाच वर्षे पुरी व्हायची आहेत, तरी दगडाबाईची ओटी याच खेपेला भरणार. काकूला सांगा, सूप काढून ठेव, ते तिला भरूनच द्यायचे आहे. तुम्ही सकाळी ओसरीवर बसून असा, फेटा बांधून.

हजेरी घ्या. दोघींची.

तुमची,
शालू